रांगेतल्या नागरिकाचा अपराध कोणता?

मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवरील पथकर राज्य शासनाने 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना माफ केला. त्यानंतर सात महिने पुरे होण्याच्या आत, 9 मे 2025 रोजी, बेस्टच्या बसगाडीचे किमान भाडे दुप्पट झाले. साध्या गाडीच्या पाच रुपयांचे दहा आणि वातानुकूलित गाडीच्या सहाचे बारा. (योगायोग असा की, 1874 साली याच तारखेस या नगरीत घोड्यांची पहिली ट्राम धावली होती.) हे दोन निर्णय दोन निराळ्या कचेऱ्यांतून निघाले हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु नागरिकाच्या खिशाला कचेऱ्यांची वाटणी कळत नाही. मोटारीत बसून नगरात येईल त्यास सूट, आणि बसच्या रांगेत उभा राहील त्यास भुर्दंड, एवढाच या दोहोंचा मिळून अर्थ होतो. आणि तो उघड अन्यायाचा आहे असे म्हणणे आम्हांस भाग आहे.

बेस्टचे कारभारी म्हणतील की, 2019 च्या जुलैत किमान भाडे आठ रुपयांवरून पाचावर आणले, ते सहा वर्षे वाढविले नाही. मधल्या काळात इंधन, पगार आणि सुटे भाग यांच्या किमती कोठल्या कोठे गेल्या. यात असत्य काही नाही. भाडे कधी वाढूच नये असा आमचाही हट्ट नाही. मात्र ज्या वेळी ते कमी केले त्या वेळी काय घडले, याची आठवण त्यांनी स्वतःच ठेवावयास हवी. त्या वर्षी थोड्याच अवधीत दैनिक प्रवाशांची संख्या लाखांच्या हिशेबाने वाढली. शेअर रिक्षाकडे आणि दुचाकीकडे गेलेला माणूस बसकडे परत आला, आणि थांब्यावर येऊन पाहतो तो गाडीच नाही! 2010 च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या. 2025 ची भाडेवाढ झाली तेव्हा त्या पावणेतीन हजारांच्या घरात आल्या होत्या, आणि त्यांतही बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या हजाराच्या पुष्कळच खाली होत्या. गिऱ्हाईक दारात उभे असता माल निम्म्यावर आणावयाचा आणि मग दुकान चालत नाही म्हणून भाव दुप्पट करावयाचा, असा व्यवहार कोणी वाणीही करणार नाही.

स्वतःच्या गाड्या गेल्या त्यांच्या जागी ठेक्याच्या आल्या. गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, देखभाल त्याची, आणि बेस्टने प्रत्येक किलोमीटरमागे त्यास ठरलेली रक्कम द्यावयाची, अशी ही पद्धत. कागदावर ती स्वस्त दिसते. परंतु ठेकेदारास परवडेनासे झाले की तो गाड्या उचलून चालता होतो, आणि तसे याच नगरात एकाहून अधिक वेळा घडले आहे. ज्या मार्गावर काल दहा मिनिटांनी गाडी येत होती तेथे आज अर्धा तास तिष्ठावे लागते, आणि त्याची दाद कोणाकडे मागावी हेही प्रवाशास उमगत नाही. 2023 च्या ऑगस्टमध्ये ठेक्यावरील चालकांनी अपुऱ्या वेतनासाठी संप केला, तेव्हा सारे शहर आठवडाभर अडले. त्या चालकांची मागणी अवाजवी होती असे आम्हांस वाटत नाही. तेच काम, तोच रस्ता, तीच गर्दी, आणि वेतन मात्र कायम चालकाच्या मानाने किती तरी कमी, ही स्थिती कोण फार दिवस सोसील? पुढे 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ल्यात ठेक्याची एक गाडी गर्दीत घुसली आणि निरपराध माणसे प्राणांस मुकली. त्या अपघातातील दोष ठरविण्याचे काम न्यायालयाचे. परंतु अवजड वाहन ज्याच्या हाती द्यावयाचे त्याच्या शिक्षणाची आणि परीक्षेची अंतिम जबाबदारी बेस्टलाच पत्करावी लागेल, मग गाडीच्या कागदावर मालक म्हणून नाव कोणाचेही असो.

2019 च्या जूनमध्ये कामगार संघटनेशी केलेल्या करारात बेस्टने स्वमालकीच्या 3,337 गाड्या कायम राखण्याचे मान्य केले होते. तो कागद आज कोणत्या कपाटात आहे?

येथे एक मूळ प्रश्न उपस्थित होतो. स्वातंत्र्य मिळण्याच्या आठच दिवस आधी, 7 ऑगस्ट 1947 रोजी, मुंबईच्या महापालिकेने ट्राम, बस व वीज ही तिन्ही कामे खासगी कंपनीकडून आपल्याकडे घेतली. घोटभर पाणी आणि पायाखालचा रस्ता जसा नगरपित्यांनी पुरवावयाचा, तशीच कामावर जाण्याची सोयही त्यांनी पुरवावयाची, हा विचार त्यामागे होता. पुढे कित्येक वर्षे विजेच्या धंद्यातील शिल्लक बसच्या तुटीत घालून हा संसार चालला. विजेचे कायदे बदलले, तो आधार सुटला, आणि तेव्हापासून बसची तूट हा जणू बेस्टचा नैतिक अपराधच ठरला आहे. पदपथाने किती नफा मिळविला, उद्यानाला किती तोटा आला, असे कोणी विचारीत नाही. बसला मात्र दर वर्षी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात!

पैसा नाही असेही म्हणता येत नाही. महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटी रुपयांच्या वर गेला. त्यात बेस्टच्या वाट्याला एक हजार कोटी आले. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतच्या सागरी किनारा मार्गास, म्हणजे सुमारे साडेदहा किलोमीटरला, चौदा हजार कोटींच्या जवळपास खर्च आला. तो मार्ग उत्तम बांधला आहे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. त्यावर दुचाकीस मज्जाव, रिक्षास मज्जाव. आणि बसमधून त्यावरून जाणारा नागरिक शोधावाच लागतो. बसच्या रांगेतील माणसाच्या करातूनही तो बांधला गेला आहे.

हा रांगेतील माणूस कोण? चार घरची कामे करून पाचव्या घरी निघालेली बाई, परळच्या रुग्णालयात नातलगाचा डबा घेऊन जाणारा म्हातारा, स्थानकापासून दोन मैलांवरच्या शाळेतील शिक्षिका, आणि अर्थात आमच्या वाचकांपैकीही पुष्कळ. लोकल गाडीने शहर जोडले आहे खरे, पण स्थानकापासून घराच्या दारापर्यंत पोहोचविणारी बसच. रोज दोन वेळा जवळचा प्रवास करणाऱ्यास महिन्याच्या पंचवीस दिवसांत सुट्या तिकिटाने अडीचशेऐवजी पाचशे रुपये पडू लागले. घरात अशी तीन माणसे असली तर दीड हजार. बस आलीच नाही तर पर्याय काय? 1 फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचे किमान भाडे 26 रुपये आणि टॅक्सीचे 31 झाले. आणि दादर-परळकडे रिक्षाच नसल्यामुळे तेथील माणसापुढे टॅक्सी किंवा पायपीट एवढीच निवड उरली.

ही वाढ झाली तेव्हा महापालिकेत लोकांनी निवडलेला एकही सभासद नव्हता. 2022 च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षे प्रशासकाचा अंमल चालला. बेस्ट समितीही त्या काळात नव्हती. एरवी भाडेवाढीचा प्रस्ताव आला की सभागृहात आरडाओरडा होई, क्वचित एखादा नगरसेवक नाटकीपणाही करी. पण निदान प्रश्न विचारले जात आणि उत्तरे वृत्तपत्रांत छापून येत. या वेळी थांब्यावर नवा दर लागला, इतकेच. 2026 च्या जानेवारीत निवडणूक होऊन ती उणीव भरून निघाली आहे. मते मागावयास जे दारोदार फिरले, त्यांनी आपापल्या प्रभागातील थांब्यावर सकाळी नऊ वाजता अर्धा तास उभे राहावे अशी आमची त्यांस विनंती आहे. छायाचित्रकार बरोबर नसला तर अधिक बरे.

आगारांच्या जमिनींवर व्यापारी इमारती उभारून बेस्टची तूट भरून काढण्याचे बेत वारंवार पुढे येतात. रात्री गाड्या उभ्या करावयाची जागाच विकासाच्या नावाने गेली, तर पुढे गाड्या वाढविण्याचे दारच बंद होईल. म्हणून गाड्यांची संख्या आधी ठरवावी आणि आगारांची भाषा मागाहून करावी. स्वमालकीच्या 3,337 गाड्यांचे वचन पाळावयाचे आहे की नाही, पाळावयाचे असल्यास दर वर्षी किती गाड्या घेणार आणि त्यासाठी महापालिका कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम बाजूला ठेवणार, हे बेस्ट समितीच्या अध्यक्षांनी आणि महापालिका आयुक्तांनी आकड्यांनिशी जाहीर करावे. तो आकडा येईपर्यंत भाडेवाढीचा दुसरा कोणताही प्रस्ताव सभागृहापुढे आणू नये.