थोरली पाती, धाकटी पाती

माळव्यातील धार व देवास ही पवारांची संस्थाने. पैकी देवासची रीत निराळी होती. तुकोजी व जिवाजी या बंधूंपासून तेथे थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या, व १९४८ पर्यंत त्या एकाच नगरात नांदल्या. वाडे निराळे, कारभारही निराळा.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरी पिलू आणताना हीच रीत ध्यानी धरावी. पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागी घडवावी. थाळी व निजण्याची जागा ज्याची त्याला द्यावी; भाकर आधी थोरल्यास घालावी. पिलू अंगाशी झोंबू लागले की म्हातारा गुरगुरतो. तो त्याचा इशारा होय. त्याबद्दल त्यास मारू नये. मार खाऊन इशारा द्यावयाचे सोडले, तर तो न गुरगुरताच चावेल. त्यापेक्षा पिलासच उचलून दूर न्यावे. प्रारंभीचे काही आठवडे दोघांस एकटे सोडू नये.

ज्याने इतकी वर्षे आपला उंबरठा राखला, त्याला उतारवयात आपल्याच घरी परके वाटू देणे, हे आपणांस शोभेल काय?