डबा आणि चिठ्ठी

फराळाचा डबा परगावी पाठवायचा म्हटलं, की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, करंजी चविष्ट झाली की झालं. दुसरा म्हणतो, ती शाबूत पोहोचली तर चव! हा दुसरा पक्ष म्हणजे आमची सौ. चकल्या निराळ्या, चिवडा निराळा, आणि सगळ्यांत वर चिठ्ठी : आधी काय संपवावं, कशाला दमट हवा लागू देऊ नये. “करणारीचं कौतुक सगळे करतात, भरणारीचं कोणी करीत नाही,” असं ती दरवर्षी म्हणते. यंदा तिचं म्हणणं आम्हांला पटलं, आणि पटवलं ते कॉम्प्युटरवरच्या एका खेळानं.

खेळाचं नाव फ्रीसिव्ह. १९९१ साली सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ निघाला. इसवी सनापूर्वी ४००० साली आरंभ करायचा, नगरं वसवायची, शेतीला पाणी द्यायचं, विद्या संपादायच्या, शेजाऱ्याशी तह करायचा नाहीतर लढाई. डेन्मार्कमधील ऑर्हूस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी त्याच धर्तीवर, अनेकांना आपापल्या यंत्रावरून एकत्र खेळता येईल असा खेळ १९९५ च्या नोव्हेंबरात रचायला घेतला. १९९६ च्या जानेवारीत तो खेळण्याजोगा झाला. गंमत अशी, की त्यांना स्वतःला तो काहीसा कंटाळवाणा वाटला आणि ते आपल्या जुन्या आवडत्या खेळाकडे परत गेले!

तरी पोर जगलं. कारण त्याचा सोर्स कोड जीपीएल नावाच्या परवान्याखाली खुला होता. फराळाच्या भाषेत सांगायचं तर, डबा वाटणाऱ्यानं मागणाऱ्याला कृतीही दिलीच पाहिजे. घेणाऱ्यानं ती सुधारावी, पुढे वाटावी, पण पुढच्याला अडवू नये.

पण नुसती कृती खुली असून भागत नाही. सुगरणीच्या वहीतही ‘पाणी अंदाजानं’ असं असतंच. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या यंत्रावर लागणारं सामान आधीच मांडलेलं असतं, म्हणून तिथं खेळ चालतो. दुसऱ्याच्या यंत्रावर एखादी लायब्ररी नसते, आणि खेळ उघडतच नाही. इथं डबा भरणाऱ्याचं काम सुरू होतं.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात हे काम स्वयंसेवक करतात. प्रत्येक पॅकेजात ‘कंट्रोल’ नावाची फाइल असते : नाव काय, आवृत्ती कोणती, सांभाळणारा कोण, आणि आधी काय काय हवं. आपल्या चुलीवर पदार्थ झाला हा पुरावा पुरेसा नसतो. रिकाम्या स्वयंपाकघरात, केवळ यादीतलं सामान घेऊन तो पुन्हा करून पाहावा लागतो. फ्रीसिव्हचे तर पुडेही निराळे : पटाचा हिशेब राखणारा सर्व्हर एक, खेळाडूला पट दाखवणारा क्लायंट दुसरा, आणि चित्रं व नियम तिसरा. चित्रं सगळ्या यंत्रांना सारखीच. ती प्रत्येक जातीच्या यंत्रासाठी पुन्हा कशाला भरायची?

आता चिठ्ठी. प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर माहितीचं पान असावं, असा डेबियनचा दंडक आहे. ही रीत युनिक्सची. तिची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची. या पानांत सहावा विभाग खेळांसाठी राखलेला असतो. विद्वान मंडळीही अगदीच रूक्ष नसतात म्हणायची!

खेळाची माहिती लिहिणं मात्र खेळ नव्हे. फ्रीसिव्हचे नियम साध्या मजकुराच्या फायलींत असतात आणि ते कोणीही बदलू शकतो. नगरातल्या शिबंदीचा बचाव दीडपट, असं हातानं लिहून ठेवावं आणि उद्या कोणी नियमच बदलावा, की माहिती खोटी ठरली! म्हणून तिथल्या मदतीतला बराच मजकूर नियमांच्या फायलींवरूनच तयार होतो. पण आकडा ‘किती’ ते सांगतो, ‘का’ ते माणसालाच लिहावं लागतं. राजधानीपासून नगर जितकं दूर, तितका त्याचा व्यापार भ्रष्टाचारात गळतो, हे नवख्याला सांगायला नको का? (आम्हां नागरिकांना ते चिठ्ठीवाचूनही ठाऊक असतं, ही गोष्ट निराळी.) न समजलेला खेळाडू तक्रार करीत नाही. तो गुपचूप उठून जातो.

आणि सांभाळणाराच उठून गेला तर? डेबियनमध्ये अशा पॅकेजाला ‘अनाथ’ म्हणतात. कोणी दत्तक घेईपर्यंत ते वाट पाहतं; मोडकळीला आलं आणि कोणीच घेतलं नाही, तर संग्रहातून काढलंही जातं. रचणाऱ्यांनी पाठ फिरवल्यावर तगलेला खेळ भरणाऱ्यांनी पाठ फिरवल्यावर तगेल, याची खात्री नाही.

हे वाचल्यावर यंदा आम्ही आपण होऊन डब्यापाशी बसलो आणि चिठ्ठी लिहिण्याचं काम मागून घेतलं. चांगली दोन पानं लिहिली. सौ.नं ती शांतपणे वाचली आणि म्हणाली, “सगळं छान आहे. फक्त चकल्या कुठल्या डब्यात आहेत, तेवढं राहिलं.”