गोरज मुहूर्त आणि समुद्राचे पंचांग

तुळशीची लग्ने आटोपली, की लग्नसराईस प्रारंभ होतो, आणि अलीकडे या सराईचा एक ओघ मंगल कार्यालयांकडून गोव्याच्या व कोकणच्या किनाऱ्यांकडे वळला आहे. पाऊस सरलेला, ऊन कोवळे, समुद्र शांत. काळ निवडण्यात यजमानांची चूक नाही. त्याबरोबर 'नैसर्गिक रंगसंगती'ची टूमही आली आहे. शालूच्या लाल-हिरव्याऐवजी वाळूचा, शिंपल्याचा, वाळक्या गवताचा रंग. मांडवाला कोरे कापड. जरतारी भपक्यापेक्षा ही अभिरुची सौम्य आहे, तेव्हा तिची टिंगल करण्याचे कारण नाही.

तथापि, किनाऱ्याचा रंग उसना घेणाऱ्यांनी किनाऱ्याचे पंचांगही पाहावयास हवे. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीची कासविणी रात्री याच वाळूवर चढतात, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत फिरतात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी निघालेली पिल्ले रात्री सर्वांत उजळ क्षितिजाकडे धावतात. ते क्षितिज समुद्राचे असावे, हा सृष्टीचा संकेत. तेथे मांडवाच्या दीपमाळा असल्या, तर पिल्ले वाळूतच भरकटून मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवास संरक्षण दिले. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत गोव्यातील मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग या किनाऱ्यांचा कासवांची विणीची स्थळे म्हणून नावानिशी उल्लेख आहे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. कायदा आहे, लग्नाच्या रात्री त्याची आठवण कोणी करून द्यावयाची, हाच प्रश्न.

आणि 'नैसर्गिक' म्हणजे फिकट, हे तरी कोणी ठरविले? सजावटीत मिरविणारे पिसाऱ्यासारखे पाम्पास गवत मूळचे दक्षिण अमेरिकेचे. ते रोवण्यासाठी वाळूची टेकडी सपाट केली, तर तिच्यावरची मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा उपटल्या जातात. वाळू धरून ठेवणारी वनस्पती हीच. मर्यादवेलीचे फूल जांभळे असते, गोव्यातील नवरीच्या केसांतली अबोली केशरी असते, शेवंती पिवळी. हिवाळ्यातील किनारपट्टीची खरी रंगसंगती ही, आणि ती परगावाहून मागवावी लागत नाही.

किनाऱ्यावर लग्नच करू नये, असा याचा अर्थ नव्हे. विणीचे घोषित किनारे सोडले, तर आपल्या परंपरेतला गोरज मुहूर्त या कामी जणू सांगून घेतल्यासारखा आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. अंतरपाट तेव्हा दूर झाला, तर दिव्यांची गरजच उरत नाही. कोळ्यांचा जुना ठोकताळा असा, की तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, म्हणजे ऐन मंगलाष्टकांच्या वेळी पाणी पाटाखाली. पौर्णिमेच्या आगेमागे मुहूर्त निघाला, तर दुपारी भरती होऊन संध्याकाळी पुळण मोकळी होते आणि माडांच्या मागून चंद्र वर येतो. असा मांडव कोणत्याही कंत्राटदारास घालता येणार नाही. जेवणावळ मागच्या वाडीत, दिवे झाकलेले, तोंडे समुद्राकडून फिरविलेली. खर्चही कमीच, वधुपित्यास हे पटविणे अवघड जाऊ नये.

राहिला प्रश्न पाहुण्यांखेरीज इतरांचा. ज्या पुळणीवर रापण ओढली जाते ती सार्वजनिक आहे, आणि दोरखंड लावून तिच्यावरून कोळ्याला वळसा घालावयास लावण्याचा हक्क कोणत्याही वऱ्हाडास नाही. परवानगीच्या अर्जात म्हणून चार रकाने अवश्य असावेत: दिवे किती, त्यांची तोंडे कोणत्या दिशेस, मांडव वाळूच्या टेकडीपासून किती अंतरावर, आणि तो उठणार किती वाजता.