जुनिपरचें बोन्साय आणि आपलें हवामान

उल्हासनगरापासून बदलापुरापर्यंतच्या नव्या इमारतींतून हल्लीं एक लहानसें झाड वारंवार दृष्टीस पडतें. उथळ कुंडींतलें, वांकड्या खोडाचें, दाट हिरव्या पालवीचें हें वीतभर जुनिपर कोणाच्या वाढदिवसास, कोणाच्या गृहप्रवेशास भेट म्हणून येतें आणि दिवाणखान्यांतील कपाटावर जाऊन बसतें. आमच्या कांहीं विद्यार्थिमित्रांच्या घरीं तें आहे. त्याहून अधिक घरांत त्याची नुसती कुंडी उरली आहे. या रिकाम्या कुंड्यांविषयीं चार शब्द लिहावे असें बरेच दिवस आमच्या मनांत होतें. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. आपल्या तीन गांवांतील नवशिक्यानें बोन्सायचा श्रीगणेशा जुनिपरवर करूं नये. आणि ज्याच्या घरीं तें आलेंच असेल त्यानें तें आजच छपराखालून बाहेर काढावें.

पसरट भांड्यांत लावलेलें झाड, एवढाच बोन्साय या जपानी शब्दाचा अर्थ. विद्या मूळची चीनची, तिला आजचें रूप दिलें जपाननें. बोन्साय हें कोणा झाडाच्या जातीचें नांव आहे असा पुष्कळांचा समज असतो, तो खरा नव्हे. जुनिपर ही मात्र जात आहे, व ती आपल्या देशास परकीही नाहीं. आयुर्वेदांत जिच्या फळांस हपुषा म्हणतात ती हिमालयांतील एक जुनिपरच होय. लडाखांत जुनिपरला शुक्पा म्हणतात व तेथील बौद्ध मठांत त्याच्या पाल्याचा धूप जाळतात. दहा-बारा हजार फुटांवर, जेथें हिंवाळाभर बर्फ असतें आणि पाऊस जेमतेम पडतो, तेथें हें झाड शतकेंच्या शतकें उभें राहतें. जपानांत बोन्सायकरितां नांवाजलेलें शिंपाकू जुनिपर हेंही डोंगरकड्यांवरचें. वारा, बर्फ व कोसळणारे दगड यांनीं त्याच्या फांद्या मोडतात, साल सोलून निघते, लांकूड उन्हानें पांढरें पडतें, आणि उरलेल्या सालीच्या एका पट्टीवर झाड जगत राहतें. बोन्साय करणारा कारागीर याच रूपाची नक्कल करतो. मेलेल्या फांदीच्या सोललेल्या टोंकास जिन व खोडावरील सोललेल्या पट्ट्यास शारी अशीं नांवें आहेत.

आतां आपलें हवामान पहा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या आसपास खेळतो. जूनपासून चार महिने असा पाऊस लागतो कीं भिंतींवर शेवाळ चढतें. पुढें थंडी येते ती पहाटेच्या गारठ्यापुरती. ज्या झाडास थंडींतली दीर्घ विश्रांति व कोरडीं मुळें हवींत, त्याला येथें दोहोंचीही वाण. चिनी जुनिपराची जात सखल प्रदेशांतल्या बागांतून जगते हें खरें. परंतु जमिनींतलें झाड निराळें आणि दोन बोटें मातीचें निराळें.

आम्ही हें पुस्तकांतून सांगत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांस असेंच एक जुनिपर भेट मिळालें होतें. उत्साह इतका कीं एका आठवड्यांत आम्हीं त्याची निम्मी पालवी छाटली, सर्व फांद्यांस तार गुंडाळली, मुळें धुऊन कुंडीही बदलली, आणि पाहुण्यांस दिसावें म्हणून तें पुस्तकांच्या कपाटावर मांडलें. रोज सकाळीं वाटीभर पाणी घालीत असूं. सहासात आठवडे झाड हिरवेंगार होतें व आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याकडून शाबासकी घेत होतों. मग एका टोंकाशीं पालवी राखी दिसूं लागली. बोट लावतांच चुरा झाला. पुढें जाणत्या माणसाकडून कळलें कीं झाड पहिल्या पंधरवड्यांतच मेलें असावें. जुनिपरचीं मुळें कुजलीं तरी पाला कित्येक आठवडे हिरवा राहतो. गुलाब किंवा तुळस मान टाकून आपलें दुखणें सांगते, हें झाड सांगत नाहीं. आम्ही महिनाभर एका प्रेतास पाणी घालीत होतों, ही गोष्ट अद्याप आठवली कीं ओशाळल्यासारखें होतें.

ज्यांच्या घरीं तें जिवंत आहे त्यांच्याकरितां थोडें विस्तारानें लिहितों. प्रथम मातीवर चिकटविलेले शोभेचे खडे असल्यास ते काढावे. त्यांच्यामुळें पाणी आंत मुरत नाहीं. कुंडीच्या बुडाशीं भोंक आहे कीं नाहीं तें पहावें. झाड गच्चीवर वा पूर्वेकडील खिडकीच्या जाळींत, सकाळचें ऊन मिळेल व भर उन्हाळ्यांतलें दुपारचें टळेल अशा जागीं ठेवावें. पाणी घड्याळाकडे पाहून घालूं नये. बोट मातींत खुपसून वरचा थर सुकलेला लागला तरच भरपूर घालावें. पावसाळ्यांत मुसळधार सरींपासून कुंडी आडोशाला घ्यावी. घरांत मात्र आणूं नये. मातीऐवजीं विटेचे बारीक तुकडे, जाड रेती व थोडें पानांचें खत असें मिश्रण चाळून, धूळ काढून वापरावें. कोरड्या दिवसांत कोळी नांवाचे सूक्ष्म किडे पाला फिका पाडतात. फांदीखालीं पांढरा कागद धरून ती झटकली कीं कागदावर ठिपके चालूं लागतात.

आकार देण्याच्या कामीं तर हात फारच आंखडता हवा. जुनिपरच्या ज्या फांदीवर हिरवें कांहींच उरलें नाहीं ती पुन्हां फुटत नाहीं, वाळते. म्हणून एका वेळीं एकतृतीयांशाहून अधिक पाला काढूं नये, आणि कुंपणासारखी सरसकट कातरी तर मुळींच चालवूं नये. कापलेलीं टोंकें तांबूस पडतात. फार छाटलेलें झाड मऊ, खवल्यासारखी पालवी सोडून बालपणींची टोंचरी पालवी धरूं लागतें, जणुं भ्यालेलें मूल. तार फांदीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी घ्यावी, तिरक्या वळणानें गुंडाळावी व सालींत रुतण्याच्या आधीं कापून काढावी, उलगडूं नये. ज्या वर्षीं तार घातली त्या वर्षीं मुळांना हात लावूं नये. आमच्या चुका कोणत्या होत्या, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

कित्येक पालक म्हणतात, झाडास असें खुजें करणें हाच मुळीं छळ आहे. हा आक्षेप आम्हांस हलका वाटत नाहीं. पण पटतही नाहीं. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याचा एक पाइन सन १६२५ पासून कुंडींत वाढत आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजीं त्या शहरावर अणुबाँब पडला तेव्हां तो स्फोटापासून सुमारें दोन मैलांवर, बागेच्या भिंतीआड होता व वांचला. १९७६ सालीं तो अमेरिकेस भेट देण्यांत आला. आज तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानांत आहे. पिढ्यान् पिढ्या ज्याला रोज कोणी पाहिलें, पाणी दिलें, त्या झाडाचा छळ झाला असें कसें म्हणावें? छळ होतो तो कपाटावर.

मग आरंभ कशावर करावा? उत्तर आपल्याच भिंतींत उगवलेलें आहे. उंबर, पिंपळ, नांद्रुक हीं झाडें पक्ष्यांच्या विष्ठेंतून जुन्या घरांच्या भेगांत व पन्हळींत रुजतात व कालांतरानें भिंत फोडतात. तीं काढणें घराच्या हिताचें, आणि मूठभर मातींत जगण्याची संवय त्यांना जन्मापासूनच असते. त्यांतही नांद्रुकाचीं पानें लहान, म्हणून तें सर्वांत सोईचें. (अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें, व संरक्षित आहे. तेथील एक पानही कोणी तोडूं नये.) पहिला पाऊस पडल्यावर रोप मुळांसकट हळूच सोडवावें, फांद्या आंखूड कराव्या आणि पंधरा दिवस सावलींत ठेवावें. छाटणींत चूक झाली तरी तें पुन्हां फुटतें. चुकत शिकणाऱ्याला असेंच झाड हवें. पैसाही लागत नाहीं. मुंबईचे निकुंज व ज्योति पारेख यांच्यासारखीं माणसें कित्येक वर्षें ही कला शिकवीत आलीं आहेत, आणि पुण्यास फेब्रुवारी २०१८ मध्यें प्राजक्ता काळे यांच्या पुढाकारानें बोन्सायचें मोठें आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें होतें. तेव्हां विद्या दूरदेशींची असली तरी शिकण्यास फार दूर जावें लागत नाहीं. तीनचार पावसाळे नांद्रुक सांभाळल्यावर ज्याला जुनिपर घ्यावेंसें वाटेल त्यानें तें खुशाल घ्यावें.

आमच्या त्या जुनिपरच्या कुंडींत सध्यां बदलापुरांतील एका जुन्या घराच्या पन्हळींतून काढलेलें नांद्रुक आहे. गेल्या पावसाळ्यांत त्याच्या खोडावर नऊ नवीं पानें आलीं. पहिली तार दिवाळीच्या सुटींत घातली. ती रुतली आहे काय, हें दर रविवारीं भिंगांतून पाहतों.