घड्याळ कोणाचे?

संगणकाच्या पडद्यावर उमटलेली तारीख म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, अशी समजूत शाळेच्या कचेरीपासून मंत्रालयापर्यंत रुजली आहे. प्रवेश, परीक्षा-शुल्क, शिष्यवृत्ती, नोकरी यांचे अर्ज आता इंटरनेटवरूनच भरावे लागतात आणि पडद्यावरच्या त्या तारखेवर कुणाचे शैक्षणिक वर्ष अवलंबून असते, तर कुणाची भाकरी. अशा वेळी ही तारीख नेमक्या कोणत्या घड्याळाची, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तो विचारला जात नाही, हेच खरे दुखणे आहे.

ज्या संगणकांवर ही संकेतस्थळे चालतात, ते पुष्कळदा भारतीय वेळ पाळीत नाहीत. जगभरच्या व्यवहारांना एकच माप असावे म्हणून त्यांची घड्याळे ‘यूटीसी’ या जागतिक वेळेवर लावलेली असतात. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे मध्यरात्र होते, तेव्हा त्या घड्याळात आदल्या दिवशीच्या सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात; आणि पुढचे साडेपाच तास दोहोंच्या तारखा जुळत नाहीत. रात्री एक वाजता भरलेल्या शुल्काच्या पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडते, ती यामुळे. ‘अंतिम तारीख ३० जून’ असे जाहीर करून खिडकी यूटीसीच्या मध्यरात्री बंद केली, तर ती आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेपाचपर्यंत उघडी राहते. नियम मानून मध्यरात्री थांबलेला विद्यार्थी बाहेर राहतो आणि नंतर आलेला आत जातो.

याहून घातक प्रकार जन्मतारखेचा. कारकुनाने १५ जून ही तारीख बिनचूक भरावी, आज्ञावलीने ती ‘१५ जूनची मध्यरात्र’ अशी वाचून यूटीसीत बदलावी आणि त्यातील तारखेचा भाग तेवढा जपावा, म्हणजे दप्तरी नोंद होते १४ जूनची! वयाच्या अटीत एका दिवसाने बसणाऱ्याला ही चूक किती महाग पडेल, हे सांगावयास नको. दोष मात्र कारकुनाच्या माथी येतो.

दोन घड्याळांचा हा संसार मुंबईला नवा नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ या शहराने १९५५ पर्यंत सोडली नाही. पण दोन वेळा चालू आहेत, हे त्या काळच्या नागरिकाला निदान ठाऊक होते आणि कोणती वेळ, असे तो विचारून घेऊ शकत होता. पत्रिका मांडणारा ज्योतिषीसुद्धा १९४२ ते १९४५ मधील जन्मवेळेतून युद्धकाळात वाढविलेला एक तास वजा करतो. जी सावधगिरी ज्योतिष्याला सुचते, ती संकेतस्थळ उभारणाऱ्याला सुचू नये, हे नवलच म्हटले पाहिजे.

वस्तुतः उपाय अवघड नाही. मुख्य संगणक, नोंदींचा साठा, आज्ञावली आणि वापरणाऱ्याचा ब्राउझर या चारही ठिकाणी वेळेची स्वतंत्र मांडणी असते. एकाच नोंदीची वेळ चारही ठिकाणी ताडून पाहावी आणि जिथे ती पहिल्यांदा बिघडते, तिथेच दुरुस्ती करावी. पुष्कळदा घडते ते उलटेच. फरक दिसताच कुणी हाताने साडेपाच तास मिळवितो. दुसरा, ते ठाऊक नसल्याने, आणखी एके ठिकाणी तेवढेच मिळवितो. आणि मागे असलेले घड्याळ आता पुढे धावू लागते. घडलेल्या घटनेची वेळ यूटीसीत साठवावी व दाखविताना तेवढी भारतीय वेळेत बदलावी. जन्मतारखेला मात्र वेळ चिकटवूच नये, ती निव्वळ तारीख म्हणूनच ठेवावी. मांडणीतही ‘आयएसटी’ या आद्याक्षरांवर विसंबू नये, कारण भारताप्रमाणेच आयर्लंड आणि इस्रायल यांच्या वेळांनाही तीच आद्याक्षरे लावली जातात. ‘एशिया/कोलकाता’ हे स्थळनाम दिले, की युद्धकाळातील वाढीव तासासह सारा हिशेब संगणक स्वतः करतो.

तंत्रज्ञांचे काम येथे संपते आणि प्रशासनाचे सुरू होते. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. कायदेशीर, व्यापारी व सरकारी कामकाजात हीच वेळ सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध केला होता. परंतु कायद्याची वाट न पाहताही प्रत्येक सूचनेत ‘भारतीय प्रमाणवेळेनुसार रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत’ असे स्पष्ट छापता येते. पावतीवरही वेळेसोबत तिचे नाव देता येते. तक्रार आल्यास मूळ नोंद काढून हिशेब तपासण्याचा अधिकार एखाद्या जबाबदार अधिकाऱ्याकडे असला पाहिजे. यूटीसीतील मूळ नोंद शाबूत असेल, तर हा हिशेब पाच मिनिटांचा आहे.

‘संगणकाने तसे दाखविले, आमचा इलाज नाही’ हे उत्तर आता पुरे झाले. संगणक कोणते घड्याळ पाहतो, हे माणसानेच ठरविलेले असते; तेव्हा त्याच्या चुकीचा भुर्दंड विद्यार्थ्याने का सोसावा?