मूरांचा किल्ला आणि एक थडगं

लिस्बनहून लोकलने साधारण चाळीस मिनिटांत सिंत्राला पोचता येतं. गावातून मान वर केली की डोंगरावर एक दगडी भिंत नागमोडी चढत गेलेली दिसते. हा 'कास्तेलु दुश मोरुश', म्हणजे मूरांचा किल्ला. मूर म्हणजे ७११ सालापासून उत्तर आफ्रिकेतून इकडे आलेले अरब आणि बर्बर मुसलमान.

आपल्या डोंगरी किल्ल्यांची सवय असलेल्याला तो तसा लहानच वाटतो. तटाचा घेर जेमतेम साडेचारशे मीटर. पण वर चढलं की ही जागा का निवडली हे कुणाला विचारावं लागत नाही. एकीकडे अटलांटिक समुद्र, दुसरीकडे लिस्बनच्या दिशेचा सखल मुलूख. बांधणाऱ्यांनी डोंगराशी भांडण केलेलं नाही. ग्रॅनाइटचे मोठाले धोंडे जिथे होते तिथेच ठेवून तट त्यांच्यावरून नेलाय. आत पाण्याचं टाकं आहे, आणि धान्य साठवायला खडकात खोदलेली पेवं.

इतिहास थोडक्यात असा. नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास मूरांनी किल्ला बांधला. १०९३ मध्ये तो काही काळ ख्रिस्ती राजाकडे गेला, पुन्हा मूरांकडे आला. ऑक्टोबर ११४७ मध्ये अफोंसु एंरीकेश या पोर्तुगालच्या पहिल्या राजाने लिस्बन घेतलं आणि सिंत्राचा किल्ला न लढताच त्याच्या स्वाधीन झाला. ११५४ मध्ये त्याने तीस जणांना सनद देऊन इथे वसवलं. तटाला लागून चर्च उभं राहिलं. पुढे लोक खाली गावात उतरले, किल्ला ओस पडला, आणि १७५५ च्या भूकंपाने उरलंसुरलं हलवून सोडलं.

म्हणजे मूरांचा ताबा गेल्यावरही इथे ख्रिस्ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या नांदली. नाव मात्र मूरांचंच राहिलं. पोर्तुगीजांच्या तोंडी हा शब्द इतका रुळला की ते हिंदुस्थानात आले तेव्हा इथल्या मुसलमानांनाही मूरच म्हणाले. १५१० मध्ये गोवा ज्यांच्याकडून घेतलं ते आदिलशाहीचे लोकसुद्धा त्यांच्या लेखी 'मोरुश'च. लेबल एकदा तयार झालं की माणूस बघायची गरज उरत नाही!

आता मूळ मुद्दा. आज आपण जो देखणा तट बघतो तो बराचसा एकोणिसाव्या शतकातला आहे. राणी दुसरी मारिया हिचा जर्मन नवरा फर्नांदु याने १८४० च्या सुमारास पडके तट उभे केले, झाडं लावली, वाटा आखल्या. त्याला किल्ला नको होता, किल्ल्याचं चित्र हवं होतं. विसाव्या शतकात सरकारनेही आणखी डागडुजी केली. त्यामुळे 'हजार वर्षांपूर्वीचा तट' म्हणून फोटो काढताना जरा जपूनच.

पण याच हौशी माणसाने एक गोष्ट फार प्रामाणिकपणे केली, असं माझं मत आहे. कामाच्या वेळी चर्चजवळ माणसांची हाडं निघाली. ती ख्रिस्त्यांची की मुसलमानांची हे ठरवता येईना. त्याने ती सगळी एकत्र पुरली आणि थडग्यावर क्रूस आणि चंद्रकोर दोन्ही कोरून घेतले.

अलीकडच्या उत्खननात चर्चभोवती मध्ययुगीन ख्रिस्ती दफनभूमी मिळाली. तेव्हा ती हाडं बहुधा ख्रिस्त्यांचीच असावीत. मग चंद्रकोर चुकली का? मला नाही वाटत. त्याच उत्खननात मूरांच्या वस्तीच्या घरांचे पायेही सापडले, म्हणजे ख्रिस्त्यांच्या कबरी त्याच मातीत खणल्या गेल्या. आणि त्याखाली तर या दोघांच्याही हजारो वर्षं आधीच्या, अश्मयुगातल्या माणसांच्या खुणा आहेत. त्यांचं चिन्ह कुठलं कोरणार?

किल्ला बघायला गेलो की आपण पहिला प्रश्न विचारतो, 'हा कुणाचा?' आणि उत्तर एकाच नावात हवं असतं. तटाची दुरुस्ती करताना फर्नांदुने कल्पना लढवली, ती आज शंकास्पद ठरते. हाडांपाशी मात्र त्याने 'मला माहीत नाही' हे दगडात कोरून ठेवलं. सगळ्या किल्ल्यात मला तेवढाच दगड पूर्ण खरा वाटतो.

असो. सिंत्राला गेलात तर बहुतेक लोक तटावरून समोरच्या पेना राजवाड्याचे फोटो काढताना दिसतील. तुम्हीही काढा. पण परतताना त्या थडग्यापाशी दोन मिनिटं थांबा.