स्मरणिकेतील रक्तदाब

देवस्थानांच्या जत्रोत्सवांच्या स्मरणिका आम्हांकडे दरवर्षी येतात. त्यांतील देवस्थानचा इतिहास, देणगीदारांची नामावली व जमाखर्च आम्ही आस्थेने वाचतो. परंतु त्याच पानाच्या पाठीवर ‘रक्तदाब मुळापासून नाहीसा, गोळ्या कायमच्या बंद’ अशी ग्वाही छापलेली दिसते, तेव्हा आपण काय छापीत आहोत याचा समितीने क्षणभर तरी विचार केला होता काय, असा प्रश्न आम्हांस पडतो.

प्रथम कायद्याची बाजू. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 याच्या अनुसूचीत, ज्यांवरील औषधांची अशी जाहिरात निषिद्ध आहे त्या विकारांत, रक्तदाबाचा नावानिशी उल्लेख आहे. हा निषेध विक्रेत्यापुरता नाही. प्रसिद्धीत कोणताही भाग घेणारा त्याच्या कक्षेत येतो. ‘जाहिरात’ या शब्दाची व्याख्या तर एवढी विस्तृत, की तीत पत्रक, वेष्टन व तोंडी घोषणा यांखेरीज प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही येते. (धुराची जाहिरात आमच्या पाहण्यात नाही, ध्वनिक्षेपकावरील मात्र सभामंडपात ऐकलेली आहे.) अशाच जाहिरातींपायी 2024 साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका विख्यात उत्पादकास वृत्तपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली. एवढे होऊनही आमच्या समित्या ‘पानाचे पैसे मिळाले’ एवढ्यावर संतुष्ट असाव्यात, याचे नवल वाटते.

कायद्याचे भय घालणे हा मात्र आमचा हेतू नाही. या फसवणुकीची रचनाच अशी आहे की, ती भल्या माणसासही उमगत नाही. रक्तदाब पुन्हापुन्हा मोजून 140 वर 90 किंवा त्याहून अधिक भरला, तर तो वाढलेला समजतात. परंतु तो वाढल्याचे बहुतेकांना अंगात काहीच जाणवत नाही. गोळीने आकडा खाली येतो, तो गोळी चालू असेतोवर. मग कोणी चूर्ण देऊन गोळी सोडावयास सांगतो. रुग्णास आठवडाभर, महिनाभर काहीही होत नाही, होणार कसे? दाब चढलेला असतानाही त्यास काही होत नव्हतेच! तो संतोषाने प्रशस्तिपत्र लिहून देतो, ते पुढच्या स्मरणिकेत छापले जाते, आणि इकडे धमन्या, मूत्रपिंडे व हृदय यांवर तो दाब मुकाट्याने आपले काम करीत राहतो. मेंदूत रक्तस्राव होऊन ऐन पन्नाशीतला कर्ता पुरुष गेला, की त्याचे कागद आमच्यासारख्यांच्या मेजावर येतात: वाटण्या अपुऱ्या, कर्ज डोक्यावर, मृत्युपत्र नाही. प्रशस्तिपत्र देणारा मागे घ्यावयास उरत नाही.

आणि हे विरळा नव्हे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे 35 टक्के प्रौढांस हा विकार आढळला. फोंड्यापासून इंदुरापर्यंत कोणत्याही पंगतीत तिसरे पान त्याचे आहे असे धरून चालावे.

यावर उत्तर ठरलेले असते: ‘तुम्हांस आपल्या पूर्वजांच्या विद्येचा अभिमान नाही.’ आहे, म्हणूनच सर्पगंधेची कथा सांगतो. मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनी ही मुळी रक्तदाबाच्या रुग्णांस देऊन, प्रत्येकाचा दाब मोजून, 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे काढले गेले, आणि जगाने ती वनस्पती मान्य केली. पुढे तिने काहींस गंभीर खिन्नता येते असे दिसले, तेही नोंदले गेले आणि तिचा वापर मागे पडला. आमच्या मुळीस प्रतिष्ठा मिळाली ती मोजमापाने. स्मरणिकेतल्या चूर्णात काय आहे व किती आहे, हे विक्रेता सांगत नाही, आणि अभिमानाची भाषा मात्र तोच करतो.

उपवासाच्या सैंधवाविषयीही असाच भ्रम आहे. सैंधव हेही बव्हंशी सोडियम क्लोराइडच. रक्तदाबास एकादशी कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढास दिवसाकाठी 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत, मीठ सांगते. आमच्या पानावर डावीकडे वाढलेले मीठ, लोणचे, पापड आणि चेपणीतील तोरे पाहता ती मर्यादा वरणभातापूर्वीच संपण्याचा संभव अधिक.

समित्यांनी काय करावे? येत्या जत्रेच्या सभेत ठराव करून अशा जाहिराती नाकाराव्यात. त्या पानाचे उत्पन्न बुडेल, बुडू द्यावे. तेवढ्या पैशांत दाब मोजण्याचे यंत्र येते. ते अग्रशाळेत ठेवून मोजणारा माहीतगार नेमावा. प्रदक्षिणा घालून धापा टाकीत आलेल्याचा दाब लगेच मोजू नये. पाठ टेकवून पाच मिनिटे स्वस्थ बसवावे, दंड उघडा व हृदयाच्या पातळीस असावा, अर्ध्या तासात चहा वा तंबाखू झालेली नसावी. आकडा कागदावर लिहून द्यावा आणि तो अधिक असल्यास डॉक्टरकडे धाडावे. सरकारी केंद्रांतून दाब मोजून औषध देण्याचा राष्ट्रीय उपक्रम 2017 साली सुरू झाला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश व तेलंगण त्यात आरंभापासून आहेत. त्या केंद्राचा पत्ता छापण्यास स्मरणिकेचे अर्धे पान पुरे होते.